कपाशीत तुरीची ओळ: गेम, जपान आणि स्त्री-अभ्यास असं सगळं एकत्र शिकायचं असेल तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी सुट्टीत गेले की पारावर एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तू शिकवतं तरी काय?" व्हिडिओ गेम, जपानची संस्कृती, तंत्रज्ञान आणि त्यात बाई-पुरुषाचा हिशेब कसा मांडला जातो ते, असं मी सांगते. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे कार्टून पाहाचा पगार भेटते?"

काही अंशी भेटते, बाप्पा. पण तिथवर जायला मला गरजेपेक्षा चारेक वर्षं जास्त लागली, कारण वाट सांगणारं कोणी नव्हतं. हा लेख तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या, हातात एक मोबाइल आणि डोक्यात भलतेसलते प्रश्न असलेल्या पोट्ट्यापोट्टींसाठी आहे. ज्यांना गेम बनवणाऱ्या कंपनीत जायचं आहे त्यांची वाट वेगळी. त्यांनी एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बेंगळुरू कॅम्पसचा डिजिटल गेम डिझाइनचा अभ्यासक्रम बघावा. इथे बोलणं आहे ते संशोधन आणि प्राध्यापकीचं.

आधी मुख्य पीक ठरवा

आपल्याकडे कपाशीच्या पाच-सहा ओळी झाल्या की तुरीची एक ओळ टाकतात. पीक कर्ज कपाशीच्या नावावर निघतं, पण कपाशीला भाव नाही मिळाला तर घर तूर सावरते. या क्षेत्राचंही तसंच आहे. "गेम स्टडीज" नावाचा विषय नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, यादीत नाही आणि त्या नावाची प्राध्यापकाची जागाही सहसा निघत नाही. जागा निघतात त्या इंग्रजी, समाजशास्त्र, जनसंवाद, स्त्री-अभ्यास, जपानी, संगणकशास्त्र अशा विषयांच्या. त्यातला एक विषय पदवीवर असू द्या आणि बाकीचे प्रबंधात पेरा.

मी नेमकं उलटं केलं. तीन विषयांत तीन सर्टिफिकेट कोर्स केले आणि एम.ए. कशात करायचं ते सगळ्यात शेवटी ठरवलं. मुलाखतीत समोरच्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "तुम्ही नक्की कोणत्या विभागाच्या?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

स्त्री-अभ्यास निवडायचा तर घराजवळचं ठिकाण वर्ध्याला आहे. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात स्त्री अध्ययनाचा विभाग आहे. शिकवणं हिंदीत असल्यामुळे इंग्रजीची धास्ती असलेल्यांना तिथे पहिलं वर्ष सोपं जातं. पुण्याच्या विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था. जपानी हेच मुख्य पीक करायचं असेल तर दिल्लीचं जेएनयू, हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ), शांतिनिकेतनचं निप्पॉन भवन आणि पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ बघा. जेएनयूच्या बी.ए.ला सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर जपानी मिळालं नाही म्हणून रडणाऱ्या निम्म्या मुलांनी त्या परीक्षेचा फॉर्मच भरलेला नसतो.

इंजिनिअरिंगवाल्यांनी आपली पदवी फेकून देऊ नये. गेमच्या आत काय चाललंय ते समजणारा माणूस मानव्यविद्येत दुर्मीळ आहे. तुमची कपाशी तिकडचीच राहू द्या, तूर इकडची लावा.

पीएच.डी.ला गेमवर लिहिलेला गाइड शोधत बसाल तर म्हातारे व्हाल. गाइडला तुमच्या मुख्य विषयाची पद्धत पक्की यावी आणि "गेम" म्हटल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

प्रश्न गावातच पडलेला असतो, तो उचला

नवीन मुलं मला विषय सांगतात, "जपानी अ‍ॅनिमेमधील स्त्री-प्रतिमा." हा विषय नाही, ही ग्रंथालयाच्या कपाटावरची चिठ्ठी आहे. त्यापेक्षा एक वही घ्या आणि आपल्या वस्तीत पंधरा दिवस एकच गोष्ट टिपा: गेम खेळला जातो तो फोन कोणाचा?

मी हे केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात डोळे उघडले. पोट्टे संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून उघड्यावर खेळायचे आणि हरले की एकमेकांच्या नावानं बोंबलायचे. पोरी कुठेच दिसेनात. मी लिहून टाकलं, "मुली खेळत नाहीत." मग एक दिवस शेजारची दहावीतली मुलगी गोठ्यामागे भावाच्या फोनवर फ्री फायर मॅक्स खेळताना सापडली. आयडी भावाच्या नावाचा आणि माइक बंद. माइक का बंद, तर म्हणे, "आवाज आला की समजते ना पोट्टी आहे म्हणून. मग सारे मागंच लागते." म्हणजे ती खेळत होती, आणि माझ्यापेक्षा चांगली खेळत होती. माझ्या वहीतलं वाक्यच चूक होतं.

आता बघा, त्या बंद माइकमध्ये तंत्रज्ञान आहे, गेम आहे आणि बाईपणही आहे. तुमचा प्रश्न असा हवा. वहीत रकाने पाडा: फोन कोणाच्या नावावर, रिचार्ज कोण मारतं, कुठे बसून खेळतात, किती वाजता, कोणत्या नावानं, आई आली की काय करतात. अठरा वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं असेल तर आईबापांना विचारल्याशिवाय वही उघडू नका आणि खरी नावं लिहू नका. आपलं गाव लहान असतं. "गोठ्यामागची मुलगी" एवढं लिहिलं तरी लोक ओळखतात, म्हणून छापताना मी गोठासुद्धा बदलते.

आपण जे खेळतो ते सगळं जपानी नसतं, हेही ध्यानात असू द्या. पबजी कोरियातली आणि फ्री फायर सिंगापूरच्या कंपनीची. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली. त्यामागचं कारण या कंपन्यांचा किंवा सर्व्हरचा चीनशी असलेला संबंध हे होतं. जपानचा धागा दुसरीकडून येतो: डोरेमॉन, शिनचॅन, हिंदीतून बोलणारी निंजा मंडळी. आपली पिढी डोरेमॉनमधल्या शिझुकाला ओळखते. तिला सारखी आंघोळीला का पाठवतात, हा प्रश्न आपल्याला लहानपणी पडला नाही. तो आता पडू द्या.

जपानचा इतिहास, पण आपल्या दारातून

निंटेंडो १८८९ मध्ये क्योतोत सुरू झाली ती पत्ते बनवणारी कंपनी म्हणून, फुलांची चित्रं असलेले हानाफुदा पत्ते. हे सांगितलं की घरचे जरा गंभीरपणे ऐकतात, कारण पत्ते सगळ्यांना कळतात. १९८० मध्ये तोरू इवातानी यांनी पॅक-मॅन आणला. तेव्हाची गेमची दुकानं म्हणजे पुरुषांचे अड्डे, आणि अंतराळातली मारामारी सोडून दुसरं काही नाही. तिथे मुलींनी, जोडप्यांनी यावं म्हणून त्यांनी खाण्याभोवती गेम रचला. त्या कल्पनेत "मुलींना काय, खायला आवडतं" हे गृहीतक आहेच. एकाच गोष्टीत दार उघडणंही आहे आणि साचाही आहे, आणि असं जिथे दिसेल तिथे लेख लिहिता येतो. पुढे १९९४ मध्ये कोएई कंपनीच्या रुबी पार्टी या स्त्रियांच्या चमूनं "अँजेलिक" काढला. मुलींसाठीच्या प्रेमकथांच्या गेमची, म्हणजे ओतोमे गेमची, सुरुवात तिथून धरतात.

काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारात १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली आणि पुढे बाईचं काम पुरुष करू लागले, त्यांना ओन्नागाता म्हणतात. याच्या उलट ताकाराझुका ही नाटकमंडळी. १९१४ पासून तिथे सगळी कामं स्त्रियाच करतात, पुरुषांचीसुद्धा. हे वाचताना मला भंडारा जिल्ह्यातलं मावशीचं गाव आठवलं. तिथल्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून, पदर सावरत येणारा गडी दिवसा मावशीच्याच वावरात नांगर धरायचा.

पण इथेच नवखे घसरतात. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि "किती साम्य!" म्हटलं की संशोधन होत नाही. काबुकीतली बंदी सरकारची होती. आपल्या गावात बाईला कोणी फर्मान काढून अडवलं नव्हतं, तिला अडवणारं काहीतरी दुसरं होतं: जात, अब्रू, रात्रीची वेळ. प्रबंध लिहायचा तो या फरकाचा.

जपानी भाषा: आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळची

इंग्रजीतून जपानी शिकू नका, मराठीतून शिका. वाक्यरचना बघा:

नागुपुरु कारा पुने ए देन्शा दे इकिमास.
नागपूर-हून पुण्या-ला ट्रेन-ने जातो.

कारा म्हणजे "हून", ए म्हणजे "ला", दे म्हणजे "ने". नामाच्या मागे चिकटणारं सगळं आपल्यासारखंच, आणि क्रियापद शेवटी. इंग्रजी माध्यमाची पोरं इथे अडखळतात, आपण सरळ निघून जातो. वाक्याच्या शेवटी ते "ने" लावतात, आपण "ना" लावतो. छाती धडधडते ती त्यांची "दोकीदोकी", ढग गडगडतात ते "गोरोगोरो". अशा जोडशब्दांची आपल्या कानाला सवय आहे.

फरक आहे तो लिंगात. "इकिमास" बाई म्हणो की बुवा, सारखंच. मराठीत मात्र जातो आणि जाते असे दोन वेगळे. जपानीत बाई-पुरुष लपलेत ते "मी" या शब्दात. पुरुष "बोकु" किंवा "ओरे" म्हणतात, "आताशी" बायकी मानतात, "वाताशी" कोणालाही चालतं. अ‍ॅनिमेतली एखादी मुलगी स्वतःला "बोकु" म्हणाली की तिथल्या प्रेक्षकाला लगेच काहीतरी कळतं, आणि हिंदी डबिंगमध्ये ते साफ उडून जातं. माझी आजी, खेड्यातली नऊवारीतली बाई, आयुष्यभर "मी वावरात जातो" म्हणाली. पुण्याला होस्टेलवर मी तसं बोलले तर मुली हसल्या. माझा पहिला चांगला निबंध त्या हसण्यावर होता.

आता कामाचं. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत मूळ अक्षरं ४६-४६. रोज दहा गिरवली तर महिनाही लागत नाही. कांजी मात्र जन्माचं काम आहे, रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेलीच २,१३६ आहेत. पैसे भरून क्लास लावण्याआधी जपान फाउंडेशनचं मिनातो हे फुकट शिकवणी देणारं संकेतस्थळ बघा, आणि एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचे धडे हिंदीतूनही आहेत. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचे एन५ (सगळ्यात सोपा) ते एन१ (सगळ्यात अवघड) असे पाच स्तर. ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि आपल्याला पुण्याचं केंद्र बरं पडतं. फॉर्म दोन-तीन महिने आधी निघतात आणि जागा लवकर भरतात. जपानी स्रोत वाचून संशोधन करायचं तर एन२च्या खाली हात टेकत नाहीत. संशोधनाचं बिनसलं तरी एन३-एन२ असलेल्याला पुण्याच्या आयटी कंपन्यांत काम मिळतं. बाबांना समजावताना मी हेच सांगितलं होतं. तूर ती हीच.

वाचायचं कुठून

गावात लायब्ररी नाही ही तक्रार खरी आहे, पण या विषयात ती कमी टोचते. "गेम स्टडीज" हे नियतकालिक २००१ मध्ये एस्पेन आर्सेथ यांच्या पुढाकारानं निघालं, तेव्हापासूनचे सगळे अंक फुकट वाचता येतात. डिग्रा ही गेम-संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या परिषदांतले निबंध २००३ पासून खुले आहेत आणि तिची भारतीय शाखाही आहे. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर असतात. आपल्या विषयाजवळचे दोन-तीन प्रबंध उघडा आणि फक्त संदर्भसूची वाचा. कोणाला वाचायचं ते तिथूनच कळतं. जपानी गेम बाहेरच्या जगात कसे पोचले यासाठी मिया कॉन्साल्व्हो, वसाहतवाद आणि गेम यासाठी कोलकात्याचे सौविक मुखर्जी, एवढ्या दोघांपासून सुरुवात करा.

सरकारी विद्यापीठात असाल तर ग्रंथपालांना "वन नेशन वन सबस्क्रिप्शन"बद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं त्यातून मिळतात. ग्रंथपाल "असं काही नाही" म्हणाले तर नम्रपणे पुन्हा विचारा. मला तिसऱ्यांदा पासवर्ड मिळाला.

एक छोटा गेम स्वतः करा

याला दोन रविवार लागतात. ट्वाइन हे फुकट साधन ब्राउझरमध्ये चालतं, कोडिंग येत नसलं तरी जमतं आणि देवनागरी नीट दिसते. कथेचे तुकडे लिहायचे, शब्दांना दुवे द्यायचे, झाला गेम. मी केलेला गेम वऱ्हाडीत होता. तुम्ही सून आहात, फोन सासूच्या उशाखाली आहे आणि माहेरी एक फोन करायचा आहे. बारा पर्याय, त्यातले नऊ चुलीपाशी संपतात. चित्र एकही नाही. चित्रकथेसारखा जपानी बाज हवा असेल तर रेनपाय, तेही फुकट. मुलाखतीत माझ्या गुणपत्रिकेपेक्षा या गेमवर जास्त वेळ बोलणं झालं.

कागदपत्रं, आणि छापण्याचा सापळा

जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास: हे सगळं पदवीच्या दुसऱ्या वर्षातच मार्गी लावा. फेलोशिपची जाहिरात आल्यावर तहसीलला पळाल तर सेतूच्या रांगेतच मुदत संपेल. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना मदत करतात, महाज्योतीचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. पासपोर्टही लगेच काढून ठेवा.

आता सापळा. पहिल्या वर्षी मी १,८०० रुपये भरून एका नियतकालिकात निबंध छापून आणला. आठ दिवसांत स्वीकारला, एक अक्षर न बदलता. अंक हातात आला तर माझ्या निबंधाच्या आधी कोंबड्यांच्या खाद्यावरचा लेख आणि नंतर छायावादी कवितेवरचा. तो निबंध मी आजवर कुठे दाखवलेला नाही. यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली केअर यादीही (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली, त्यामुळे पारख आता आपणच करायची. साधी कसोटी: संपादकांनी काही दुरुस्त्या सुचवल्या का? नसतील सुचवल्या तर पैसे खिशातच ठेवा.

नेट आणि जपानची शिष्यवृत्ती

घरी "गेम स्टडीज" म्हणू नका, "प्राध्यापकीची परीक्षा" म्हणा. नेटमध्ये दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, आणि चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. त्यासाठी वयाची अट ३० वर्षं, मुलींना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. लग्नाची घाई करणाऱ्या घरात हा सवलतीचा नियम मोठ्यानं वाचून दाखवावा.

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती संशोधक विद्यार्थ्यांना पस्तिशीच्या आत मिळते. फी माफ, विमानाचं तिकीट आणि दरमहा राहण्या-खाण्याचा भत्ता. दूतावासामार्फत जायचं तर कागदपत्रं, लेखी परीक्षा, मुलाखत आणि मग तिथल्या प्राध्यापकांचं संमतिपत्र अशा पायऱ्या आहेत. गेमसाठी क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात २०११ पासून गेम-अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे. स्त्री-अभ्यासासाठी तोक्योचं ओचानोमिझु हे जुनं महिला विद्यापीठ बघा.

प्राध्यापकांना पत्र लिहिताना "मी एका गरीब शेतकऱ्याची मुलगी असून मला लहानपणापासून जपानची आवड आहे" इथून सुरुवात करू नका. ते खरं असलं तरी त्यातून त्यांना काही कळत नाही. असं लिहा: "तुमचा अमुक निबंध वाचला. त्यात ऑनलाइन खेळताना आवाज लपवण्याचा मुद्दा शहरी खेळाडूंपुरता आहे. मी यवतमाळच्या एका गावात चौदा मुलींशी बोलले. तिथे फोनच उसना असल्यामुळे लपवणं वेगळ्या तऱ्हेनं होतं." पाच ओळी, सोबत एक पान आराखडा. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि मग दुसऱ्यांना लिहा. मी अकरा जणांना लिहिलं, दोघांनी उत्तर दिलं.

वर्षाचं वेळापत्रक, आपल्या हंगामाप्रमाणे

मेक्स्टची जाहिरात साधारण एप्रिल-मेमध्ये येते. वावरं रिकामी असतात आणि ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं असतं, म्हणून दुपारी घरात बसून आराखडा लिहायला हाच काळ बरा. नेटचं जूनचं सत्र पेरणीच्या धामधुमीत सापडतं, तेव्हा अभ्यास मार्चपासून. जुलैच्या जेएलपीटीला डवरणी-निंदण सुरू असतं, शिवाय पावसानं गाड्या उशिरा धावतात. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं जाणार असाल तर शनिवारी सकाळी पुण्यात पोचाल असंच तिकीट काढा, रविवारचा भरवसा धरू नका. पेन्सिल, खोडरबर आणि काट्याचं घड्याळ सोबत घ्या, फोन आत चालत नाही.

डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे वेचणीचा भर. घरी दिवाळीतच सांगून ठेवा, की त्या चार दिवसांत वेचायला एक माणूस कमी आहे.